पहिल्या चौकटीतला लाल

ठमी टेबलावर असली की मी कागद मधूनच तपासायला घेते, कारण पहिलं पान तिच्या बुडाखाली असतं. ओढायला गेलं की ती किंचाळते आणि अण्णा म्हणतात, "साहेबांची खुर्ची काढून घेऊ नकोस गं." अण्णा म्हणजे माझे सासरे. माझ्या लेकीला ते साहेब म्हणतात, कारण ती घरातल्या प्रत्येक वस्तूला आधी बोट आणि मग जीभ लावून बघते. "इतकी कडक तपासणी मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. हल्ली एकाच माणसाला लागोपाठ दोनदा सांगतात. माणसं दोन्ही वेळा हसतात.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे डिझाइनची जागा. मागचं अंगण ओलांडलं की पत्र्याची शेड, तिथे माझा नवरा आणि त्याचे वेल्डर काम करतात. आम्ही कारखान्यांना लागणारी उष्णता बदलाची यंत्रं बनवतो, त्यातलंही सगळ्यात साधं यंत्र: एका नळीत दुसरी नळी. आतल्या नळीतून एक द्रव जातो, दोन नळ्यांच्या मधल्या फटीतून दुसरा उलट दिशेने येतो. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, पण जाताजाता एकाची ऊब दुसऱ्याला मिळते. लग्न होऊन आले तेव्हा मी हे पुस्तकातून शिकून आले होते. अण्णांनी ते मला पुन्हा शिकवलं, बोटांनी. माझं मनगट मुठीत धरून म्हणाले होते, "ही बाहेरची नळी, हा तुझा हात आतली. आता हात तापला, लांब झाला. मी मूठ घट्ट धरली तर कुठे दुखेल?" मी म्हटलं, "मनगटात." "मग एक टोक मोकळं सोडायचं. तापलेली नळी वाढणारच, तिला अडवलंस तर ती वेल्डवर राग काढते."

त्यांनी घालून दिलेली पद्धत अशी. एकाने डिझाइन करायचं, दुसऱ्याने तपासायचं. तपासणाऱ्याने प्रत्येक आकडा स्वतः काढून बघायचा. बरोबर निघाला तर त्यावरून पिवळा पेन फिरवायचा, चुकला तर लाल. कागदावर एकही आकडा बिनरंगाचा राहता कामा नये. आणि पहिल्या पानावरची पहिली चौकट, जिच्यात कामाचं नाव, गिऱ्हाइकाने दिलेली तापमानं, दाब आणि डिझाइन करणाऱ्याचं नाव असतं, तिच्यात लाल आला तर ते काम त्या हातात राहत नाही. तो माणूस टेबलावरून उठतो. बाकीच्या चुका गणिताच्या, ही नजरेची, असं अण्णांचं म्हणणं. फार पूर्वी त्यांच्या हाताखालच्या एकाने तापमान चुकीचं उतरवलं, भांडं फुटलं आणि एका कामगाराचा हात गेला. त्या आठवड्यात अण्णांनी तो नियम लिहून टेबलासमोर भिंतीला चिकटवला. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर अजून कोरल्यासारखं आहे.

त्या नियमाने आजवर एकच माणूस उठलाय. माझा नवरा. ऐन पंचविशीत त्याने चौकटीत दाबाचा आकडा चुकवला आणि त्याच्या बापाने काही न बोलता लाल रेघ मारली. तेव्हापासून तो शेडमध्ये आहे. पुढच्या खोलीत येतो तो चहाचा कप न्यायला.

तर त्या सकाळी मी मेणाच्या कारखान्याचं काम तपासत होते. मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण आणखी तापवायचं, त्यासाठी आतल्या नळीतून भट्टीवरचं कडकडीत तेल. काम अण्णांनी केलं होतं. मी दुसऱ्या पानापासून सुरुवात केली. ठमीने बिस्किटाचा चुरा पहिल्या पानावर सांडला होता आणि ती त्यावर ऐसपैस बसली होती. दोन टोकांच्या तापमानातल्या फरकांची सरासरी सोळा आली होती. मला जराशी कमी वाटली. पण वजाबाकी बरोबर, भागाकार बरोबर. अण्णांनी काहीतरी विचार केला असेल, असं मनात आलं आणि मी पिवळा फिरवला. ही माझी जुनी सवय, त्यांच्यावर भार टाकायची. वेग बरोबर. नळीवर कालांतराने धरणाऱ्या थरासाठी सोडलेली जादा लांबी बरोबर. नळीची जाडी बरोबर. पान पिवळंधमक होत गेलं. इतकं देखणं गणित मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मध्यंतरी अण्णांच्या कागदावर खाडाखोड वाढली होती, माझा जीव टांगणीला लागला होता. म्हटलं, चला, गाडी रुळावर आली.

मग शेवटचं पान. आतली नळी दोन्ही टोकांना वेल्ड केलेली. मोकळं टोक नाही. सरकती नळी सांभाळणारी, दोराचं पॅकिंग ठासलेली ग्लँड नाही. काहीच नाही.

अण्णा शेजारीच पेन्सिल तासत होते.

"अण्णा, इथे ग्लँड राहिली का?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "कुठे? छे. तिला कशाला ग्लँड? कोमट पाणी आहे, मिलिमीटरभरसुद्धा वाढायची नाही नळी. उगाच गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ग्लँड मारायची आणि मग ती गळते म्हणून त्याच्या शिव्या खायच्या."

"पाणी?"

"सांडपाणी गं. रंगारी कारखान्याचं. सकाळीच त्यांच्या मॅनेजरचा फोन होता. तोच तो, बोबडा." आणि त्यांनी त्या मॅनेजरची नक्कल केली, "अण्णा, तापमान बाथष्ट आहे, बाथष्ट!" ठमी खिदळली. मीही हसले असेन. चेहऱ्याला सवय असते.

मी ठमीला उचलून कडेवर घेतलं. ती किंचाळली, अण्णा म्हणाले, "साहेबांची खुर्ची—" मी चुरा झाडला. पहिल्या चौकटीत कामाचं नाव स्वच्छ अक्षरात मेणाचा कारखाना असंच होतं. खाली तापमान: गरम बाजू बासष्ट, बाहेर पडताना चाळीस. गिऱ्हाइकाचा कागद शेजारीच टाचणीला होता. त्यावर तेल दोनशेवीस.

मला त्या क्षणी काही चुकीचं सापडल्यासारखं वाटलंच नाही, तीच तर भीती. एकही बेरीज चुकली नव्हती. हे एक निर्दोष यंत्र होतं, फक्त दुसऱ्या कुणाचं.

जेवणाची भाकरी-भाजी घेऊन शेडमध्ये गेले तेव्हा ठमी खांद्यावर झोपली होती. नवऱ्याने हातमोजे काढले, तिच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला आणि विचारलं, "काय झालं? तोंड का एवढंसं केलंयस?"

"रंगारी कारखाना कुठला रे?"

"नदीकाठचा? तो केव्हाच बंद पडला. मी शाळेत होतो. अण्णांचं पहिलं स्वतंत्र काम ते. का?"

"आणि मॅनेजर? बोबडा?"

"त्याला जाऊनही जमाना झाला." तो घास तोंडाशी नेता नेता थांबला. "अगं, का?"

मी सांगितलं. तो ऐकत राहिला, मग डबा झाकला.

"दोन्ही टोकं वेल्ड केली असती तर मेणाच्या कारखान्यात काय झालं असतं, काढलंयस?"

"काढलं. आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा सरासरी शंभर अंशांनी गरम. सहा मीटर लांबी. सात मिलिमीटर वाढणार."

"म्हणजे वेल्ड तडकणार. आणि दोनशेवीसचं तेल मेणात." त्याने शेडच्या दाराकडे बघितलं, जणू तिकडून धूर येतोय. "मग थांबलीस कशाला? मार लाल."

"चौकटीत आहे रे चूक. चौकटीत लाल आला तर ते..."

"तर ते उठतील. नियम त्यांचाच आहे. मला उठवलं तेव्हा कुणी पिवळा पेन घेऊन आडवं आलं नव्हतं." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "आई म्हणाली होती, अहो, पोरगं आहे. तर म्हणाले, म्हणूनच. मार लाल, सूनबाई. घराण्याची रीत आहे."

"टेबल गेलं तर त्यांच्याकडे काय उरेल? कालवणात मीठ घातलं का हे आठवत नाही त्यांना. तिथे बसले की मात्र सरळ बसतात. बघितलंयस कधी?"

"मी तिकडे बघत नाही," तो म्हणाला आणि मोजे चढवले.

दुपारभर मी लाल पेन हातात धरून बसले. टोपण काढायचं, लावायचं. मेणवाल्यांची घाई होती, नळ्या शेडमध्ये येऊन पडल्या होत्या, डिझाइन आज-उद्यातच द्यायला हवं होतं. अण्णा त्यांच्या खुर्चीत डुलकी घेत होते, पेन्सिल बोटांत तशीच. ठमी खाली सतरंजीवर पालथी झोपली होती. खोलीत दोघांचे श्वास ऐकू येत होते, एक जड, एक हलका. मला कुणालाच उठवायचं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा नवरा चहाचा कप न्यायला आला आणि गेला नाही. दाराच्या चौकटीला टेकून बापाकडे बघत राहिला. अण्णांची मान एका बाजूला कलली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तो पुढे झाला, अलगद चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला.

"नको मारूस लाल," तो हळूच म्हणाला. "तू नवं कर. पहिल्यापासून. नाव त्यांचंच टाक."

"आणि तपासणार कोण? मीच केलं, मीच तपासलं, असं चालत नाही. जीवाशी खेळ आहे."

तो कपात बघत म्हणाला, "मी तपासतो."

मी नवा कागद पुढे ओढला. बोलले असते तर तो परत शेडमध्ये गेला असता.

नवं डिझाइन मी ठमीच्या झोपांमध्ये केलं. ती झोपली की पेन्सिल, उठली की वाटी-चमचा. तेल दोनशेवीसवरून एकशेनव्वद, मेण ऐंशीवरून शंभर. वितळलेलं मेण दाट, फटीतून ते रेंगाळत जाणार, ऊब घ्यायला आळशी. म्हणजे लांबी हवी. एका सरळ नळीत मावेना, मग केसांच्या पिनेसारख्या वळवलेल्या जोड्या. प्रत्येक जोडीत एक टोक पक्कं, एक मोकळं. मोकळ्या टोकाला ग्लँड, म्हणजे नळी आपली वाढेल, सरकेल, थंड झाली की परत येईल. आणि मेणाचा थर धरला की आतली नळी तिथूनच ओढून काढून घासता येईल. शेवटी चौकटीत मी अण्णांचं नाव लिहिलं. त्यांच्यासारखं अक्षर काढायचा प्रयत्न केला, आणि त्या एका ओळीला बाकी सगळ्या गणितापेक्षा जास्त घाम आला.

नवऱ्याने शेडमधल्या लोखंडी टेबलावर बसून तपासलं. इतक्या वर्षांनी पेन्सिल धरलेली, काळी बोटं कागदाला लागू नयेत म्हणून खाली फडकं घेतलेलं. प्रत्येक आकडा त्याने दोनदा काढला. एके ठिकाणी माझी वळणाची जाडी पातळ निघाली, तिथे त्याने लाल मारला आणि म्हणाला, "सॉरी." मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "सॉरी काय म्हणतोस? वाकवताना नळी बाहेरून पातळ होते हे मी विसरले होते." "मी रोज वाकवतो," तो म्हणाला. शेवटी चौकट आली. तापमानांवरून त्याने पिवळा फिरवला. नावावरून फिरवला नाही. "ते तू बघ," म्हणाला.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण अण्णा सारखे विचारत होते, मेणवाल्यांचं काय झालं, माझे कागद कुठायत? त्यांना कागद हातात धरायचे होते. म्हणून त्यांच्या वळणाच्या अक्षरात स्वच्छ प्रत काढून मी त्यांच्यापुढे ठेवली. "तुमचंच काम आहे अण्णा. एकदा नजर टाका."

ते सरळ बसले. नवऱ्याला मी सांगितलं होतं ते हेच. पाठ, मान, कोपर, सगळं जागेवर आलं. पिवळा पेन घेतला. ठमी नेहमीप्रमाणे टेबलावर चढवून घ्या म्हणून हात वर करत होती, तर म्हणाले, "साहेब, आत्ता नाही." पहिल्यांदाच.

ते शेवटच्या पानापासून निघाले. ग्लँडपाशी थांबले. बोटाने मोकळ्या टोकावरून हलकेच रेघ ओढली, मागे, पुढे. "शाबास," म्हणाले. "सुटं सोडलंय. कुणी केलंय हे?"

"तुम्हीच की," मी म्हटलं. दारात नवरा येऊन उभा राहिला होता.

अण्णा पानं उलटत गेले. किती आकडे त्यांनी खरंच काढले आणि कितींवरून नुसता पेन फिरवला, मला कळलं नाही. हात मात्र एकदाही थरथरला नाही. मग पहिलं पान. तेल दोनशेवीस, पिवळा. मेण ऐंशी, पिवळा. आणि नावापाशी पेन थांबला.

"हे मी केलेलं नाही," ते म्हणाले.

"अहो अण्णा..."

"माझा सात असा नाही." त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. प्रत्येक इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ होती. मी लहानपणापासून अशीच काढते. सगळं अक्षर बदललं आणि तेवढी राहिली. "ज्याने केलं नाही त्याचं नाव? उद्या काही झालं तर जाब कुणाला विचारायचा? म्हाताऱ्याला?"

त्यांनी लाल पेन मागितला. मी दिला नाही. ते हात पुढे करून तसेच राहिले, शिक्षक ठेवतात तसा. शेवटी नवऱ्याने पुढे येऊन पेन त्यांच्या हातात ठेवला.

अण्णांनी स्वतःच्या नावावर एक सरळ रेघ मारली, पट्टी न लावता. वर लिहायला हात नेला आणि तिथेच अडकले. माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांत शोधाशोध चालली होती, मला दिसत होतं. मी नाव सांगू शकले असते. पण माझं नाव मी त्यांना सांगायचं, हे तोंडातून बाहेरच पडेना. मग त्यांचा चेहरा सैल झाला, काहीतरी हाताला लागलं, आणि त्यांनी त्या सुंदर अक्षरात लिहिलं: सूनबाई.

भिंतीवरच्या कागदाकडे त्यांनी पाहिलं का, मला माहीत नाही. त्यांनी पेन्सिली गोळा केल्या, खोडरबर, तासणी, पट्टी, सगळं डब्यात घातलं आणि खुर्ची मागे सारून उठले.

"अण्णा, बसा हो," नवरा म्हणाला. "बसा ना. नियम वगैरे काही नाही आता."

"चौकटीत लाल आहे," अण्णा म्हणाले, साधेपणाने, कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसे. मग माझ्याकडे वळून खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटलं. "बस."

मी बसले. खुर्ची त्यांच्या अंगाने कोमट होती.

मेणवाल्यांचं यंत्र झालं. चाचणीच्या दिवशी शेडमध्ये गरम तेल सोडलं तेव्हा नवऱ्याने मोकळ्या टोकाशी खडूने खूण केली होती. नळी तापत गेली आणि ग्लँडमधून हळूहळू पुढे सरकत आली, जवळजवळ सात मिलिमीटर. वेल्ड गप्प. तो धावतच अण्णांना बोलवायला आला. अण्णा त्याच्याबरोबर गेले, खडूच्या खुणेकडे वाकून बघितलं आणि विचारलं, "छान. कुणाचं काम?" नवरा म्हणाला, "आपलंच." येताना मात्र त्याने बापाचा हात धरला होता आणि अण्णांनी तो धरू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, केस विंचरून अण्णा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "काही काम आहे का गं?"

मी खिडकीखाली छोटं टेबल लावलंय. तिथे कोरे कागद, त्यांचा डबा. ते बसतात आणि रंगारी कारखान्याचं काम करतात. बासष्ट, चाळीस. मॅनेजरचा फोन सकाळीच आलेला असतो. पूर्ण झालं की मला आणून देतात आणि काही दिवसांनी परत सुरू करतात. नवरा आता चहा पुढच्या खोलीतच पितो, त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत. कधी विचारतो, "अण्णा, ग्लँड नको?" "कोमट पाणी रे. मिलिमीटरभरही वाढत नाही." "बरं."

त्यांचे कागद मी तपासते. खरंच तपासते, प्रत्येक आकडा स्वतः काढून. नुसता पेन फिरवला तर त्यांना कळेल असं मला वाटतं. अजून एकही चूक सापडलेली नाही. पानं पिवळी होत जातात. पहिली चौकट तेवढी मी तशीच सोडते, ना पिवळी ना लाल.

ठमीला आता पेन धरता येतो. काल ती पानाच्या मधोमध बसली होती आणि तिच्यापुढे नेमकी त्या चौकटीतली पांढरी जागा होती. तिने पेन नेला. मी तिचं मनगट धरलं, सैल.

"तिथे नको, साहेब," मी म्हटलं.